पलटणीच्या लायनीतले बालपण: महार सैनिकांची मुले, लष्करी शाळा आणि बंद झालेली भरती

१/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे हे कुटुंब माळव्यात, इंदूरजवळच्या महूला काय करीत होते? उत्तर एका शब्दाचे आहे: पलटण. या शब्दामागे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठे प्रकरण दडलेले आहे. लष्करी छावणीत वाढलेल्या महार सैनिकांच्या मुलांचे हे प्रकरण. 🧵

२/ महू ही मुळात छावणीच. १८१८ साली होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी ती वसविली. बाबासाहेबांचे जन्मस्थान म्हणून आज जेथे स्मारक उभे आहे तो भाग ‘काली पलटण’ या नावाने ओळखला जातो. गोऱ्या सैनिकांच्या बराकी वेगळ्या आणि देशी शिपायांची वस्ती वेगळी, ही त्या काळच्या प्रत्येक छावणीची रचना. देशी शिपायांच्या घरांच्या या रांगांना ‘लायनी’ म्हणत.

३/ या लायनी म्हणजे पक्क्या बांधणीच्या सरकारी चाळी नव्हेत. एकोणिसाव्या शतकात बराच काळ शिपायाला झोपडीसाठी भत्ता मिळे आणि त्यातून तो आपले घर स्वतःच उभारीत असे. बदली झाली की घर मोडायचे, नव्या ठाण्यावर पुन्हा उभे करायचे. पलटणीतल्या मुलाला ‘गाव’ विचारले तर तो वडिलांकडून ऐकलेले नाव सांगे. त्याचे स्वतःचे गाव मात्र दर काही वर्षांनी बदलत असे.

४/ येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. कंपनी सरकारच्या तीन फौजा होत्या: बंगाल, मद्रास आणि मुंबई. बंगालच्या फौजेतला शिपाई बहुधा कुटुंब गावी ठेवून एकटा नोकरीवर राही. मुंबई आणि मद्रासच्या फौजांत मात्र शिपायांची बायकामुले पलटणीबरोबर राहत आणि तिच्याबरोबरच हलत. त्यामुळे मुंबईच्या फौजेत छावणी हे युद्धाच्या तयारीचे ठिकाण होते, तसेच हजारो मुलांचे बालपणीचे अंगणही होते.

५/ मुंबईच्या फौजेचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या भरतीत होते. तिच्यात महारांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा येथील लढाईच्या स्तंभावर जी नावे कोरली आहेत, त्यांतली अनेक ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. त्या काळी महार पुरुषांच्या नावापुढे हा प्रत्यय लागत असे. पुढील पिढ्यांत बापामागे मुलगा, मुलामागे नातू असा नोकरीचा वारसाच अनेक घराण्यांत तयार झाला.

६/ सकपाळ हे असेच एक घराणे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सैन्यात शिरून सुभेदार झाले. आई भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांच्या माहेरीही सुभेदार-मेजर हुद्द्यापर्यंत पोहोचलेले पुरुष होते. म्हणजे भीमराव हे मूल दोन्ही बाजूंनी पलटणीचे. हा योगायोग नव्हता. पलटणीतली माणसे सोयरीक पलटणीतच शोधीत, आणि त्यातून गावकीपेक्षा निराळा, शिस्तीचा व अक्षरओळखीचा एक छोटा समाज आकाराला येत होता.

७/ हा समाज गावापेक्षा निराळा कशामुळे? त्यासाठी गावातला महार कोणत्या स्थितीत जगत होता, हे आठवावे लागेल. वतनदार महाराने निरोप पोहोचवायचे, सरकारी पाहुण्यांचे ओझे वाहायचे, शिवेची राखण करायची, मेलेली जनावरे ओढायची. मोबदला म्हणून बलुत्याचे धान्य आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. राहायचे वेशीबाहेर, पाणी मिळेल तेथून, आणि वरिष्ठ दिसला की ‘जोहार मायबाप’ म्हणून वाकायचे. मुलाचे भवितव्य जन्माआधीच ठरलेले असे.

८/ आता छावणीकडे पाहा. तेथे दिवसाची विभागणी बिगुलाने होई. पगार ठरलेल्या तारखेला, रोख. अंगावर गणवेश. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही पायऱ्यांची शिडी. आणि महार शिपायालाही ती चढता येत असे. लायनीतल्या मुलाने आपल्या बापाला सलाम करताना पाहिले होते. पण त्याच बापाला इतरांनी केलेला सलामही पाहिला होता. दुसरे दृश्य गावातल्या महार मुलाच्या वाट्याला येणे जवळपास अशक्य होते.

९/ यावरून छावणी म्हणजे समतेचे बेट होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कितीही वर्षे नोकरी झालेला सुभेदार असो, नुकत्याच आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या तो खालीच. जातिभेदही छावणीच्या वेशीपाशी गळून पडत नसे. सरकारला समाजसुधारणा करायची नव्हती. त्याला आज्ञाधारक आणि कामापुरते शिकलेले सैनिक हवे होते. तरीही या स्वार्थी गरजेतून एक अनपेक्षित गोष्ट निपजली. ती म्हणजे शाळा.

१०/ पलटणीचा कारभार कागदावर चालतो. हजेरीपट, पगारपत्रक, हुकूम, सामानाची यादी. शिपायाला हवालदार वा जमादार व्हायचे तर अक्षरओळख लागे. म्हणून पलटणींत शाळा चालत: मुलांसाठी दिवसा, प्रौढ शिपायांसाठी रात्री. पुढे बाबासाहेबांनी आपल्या एका इंग्रजी लेखनात नमूद केले की कंपनीच्या सैन्यात देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, आणि या शिक्षणाने अस्पृश्यांना नवी दृष्टी व नवी मूल्ये दिली.

११/ ‘मुलामुलींना’ हा शब्द घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते सर्वश्रुत आहे. त्याच शतकात छावणीच्या लायनीत महार शिपायाच्या मुलीच्या हाती पाटी येत होती, आणि त्यासाठी गावाची परवानगी लागत नव्हती. अर्थात प्रत्येक मुलगी शिकली असे नाही. पण ज्या घरात बाप, काका आणि कधी आईही वाचू शके, त्या घरात अक्षर ही नवलाची वस्तू उरली नाही.

१२/ रामजी सकपाळ याच व्यवस्थेचे फलित. चरित्रकार धनंजय कीर यांच्या मते त्यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक महार गृहस्थ मुख्याध्यापक आहे, ही कल्पना गावगाड्याच्या चौकटीत बसणारी नव्हती. पलटणीच्या चौकटीत ती बसली.

१३/ येथे एक प्रचलित समज तपासून घेतला पाहिजे. ‘बाबासाहेब लष्करी शाळेत शिकले’ असे अनेकदा म्हटले जाते. कालक्रम पाहिला तर ते जुळत नाही. रामजी १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले तेव्हा भीमराव जेमतेम तीन वर्षांचे होते. चौदा अपत्यांतले ते शेवटचे. महूच्या लायनीची स्वतःची अशी आठवण त्यांना असणे कठीण. मग पलटणीने त्यांना दिले तरी काय? तिने त्यांना वडील दिले. शाळा सुटली, पण मुख्याध्यापक घरी आले.

१४/ त्या घराची दिनचर्या छावणीसारखीच काटेकोर होती. रामजी कबीरपंथी, मद्यमांसापासून दूर. पहाटेचा अभ्यास, संध्याकाळची भजने, संतांचे अभंग, रामायण-महाभारताचे पठण, आणि त्यात मुलांनी हजर असलेच पाहिजे हा दंडक. इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही पुस्तके त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. वर्गात मागे बसविल्या जाणाऱ्या मुलाचा पाया घरी पक्का होत होता.

१५/ निवृत्तीनंतर कुटुंब आधी आले ते दापोलीला. कोकणात आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८१८ नंतर दक्षिण कोकणातील फौजेचे ठाणे येथे होते. फौज गेली, पण नाव राहिले आणि पेन्शनरही राहिले. दापोली, खेड, महाड या टापूत निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती झाली. मूळ गावी जाऊन पुन्हा वेठीला जुंपून घेण्यापेक्षा कॅम्पाच्या आसऱ्याने राहणे त्यांतल्या अनेकांना अधिक मानाचे वाटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

१६/ निवृत्त सैनिकापुढचा खरा पेच हाच होता. पंचवीस-तीस वर्षे हुद्द्याने हाक ऐकलेला माणूस गावात परतला की पुन्हा ‘महार’ होई. त्याची मुले तर अधिकच गोंधळून जात. लायनीत ती शाळेत बसली होती. गावच्या शाळेत त्यांना दाराबाहेर थांबविले जाई. शाळा सरकारी, कर सर्वांचा, बाप सरकारच्या पेन्शनीवर. मग प्रवेश का नाही? हा प्रश्न गावातल्या महाराने विचारला नसता असे नाही. पण तो लेखी अर्जात मांडण्याची तयारी पेन्शनरापाशी अधिक होती.

१७/ आणि दापोलीत तसे अर्ज झालेही. १८९० च्या दशकाच्या आरंभी तेथील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून सरकारदरबारी पाठपुरावा केला. वाद फिरत राहिला तो एका जागेभोवती: व्हरांडा. मुलांना शाळेत घेतले, पण वर्गाबाहेर व्हरांड्यात बसविले, तर त्याला प्रवेश म्हणायचे का? नियमाने दार उघडे आणि व्यवहाराने बंद, ही युक्ती तेव्हाच तयार झाली होती. तिला लेखी आव्हान देणारे हे पालक छावणीतून आलेले होते.

१८/ या पेन्शनरांतले सर्वांत लक्षणीय नाव म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन ते दापोलीत आले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराबद्दल थेट प्रश्न विचारले, आणि वृत्तपत्रांतून लेखन केले. महाराष्ट्रातल्या दलित चळवळीच्या पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते. त्यांची लेखणी पलटणीत घडलेली होती.

१९/ नेमक्या याच वेळी घाला पडला. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पार्श्वभूमी अशी: १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. ‘लढवय्या जाती’ नावाच्या सिद्धान्ताचे ते खंदे पुरस्कर्ते. काही जाती जन्माने शूर, बाकीच्या नाहीत. उत्तरेकडचे लोक लढाऊ, दक्षिणेकडचे निरुपयोगी. पुराव्यापेक्षा पूर्वग्रहावर उभा असलेला हा विचार फौजेचे अधिकृत धोरण झाला.

२०/ त्याबरोबर पलटणींची रचनाही बदलली. पूर्वी मुंबईच्या फौजेत एकाच कंपनीत निरनिराळ्या जातींचे शिपाई असत. आता जातवार कंपन्या करण्याकडे कल झाला. जेथे मिश्र फौज होती तेथे महार सुभेदाराच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई असू शकत. जातवार रचनेत हा प्रश्नच उरला नाही, कारण महारांना जागाच उरली नाही. गावातली वेस आता पलटणीच्या नोंदवहीत उतरली. आणि ती आखणारे हात या खेपेस परकीय होते.

२१/ हा निर्णय नोकरीपुरता होता असे वरवर पाहता वाटेल. परिणाम मात्र मुलांवर झाला. भरती नाही म्हणजे लायनीत घर नाही. घर नाही म्हणजे पलटणीची शाळा नाही. रोख पगार नाही, पेन्शन नाही, हुद्दा नाही. १८७० मध्ये लायनीत जन्मलेल्या महार मुलाला शिक्षण जवळजवळ आपोआप मिळत होते. १९०० मध्ये गावी जन्मलेल्या त्याच्याच पुतण्याला व्हरांड्यासाठी झगडावे लागणार होते. एका पिढीने चढलेली शिडी पुढच्या पिढीच्या पायाखालून काढून घेतली गेली.

२२/ विरोध तात्काळ झाला. १८९४ मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी यासाठी अर्ज तयार केला. त्यात महार हे पूर्वीचे क्षत्रिय आहेत असाही दावा होता. रामजींनीही या कामी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे कीर नोंदवितात. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लावून धरली. १९१० मध्ये त्यांनी ती थेट विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत नेली. वीस वर्षे एकच मागणी, आणि प्रत्येक अर्जात पूर्वजांच्या सेवेचा हिशेब. सरकार ढिम्म.

२३/ इकडे सकपाळ कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. रामजींना तेथे नोकरी मिळाली. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. पाठीने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. कॅम्पातल्या शाळेनंतर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. नोंदणी क्रमांक १९१४. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

२४/ त्या शाळेत काय घडत होते, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ते सांगतात: वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तेही वेगळ्या कोपऱ्यात. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानेनेच बसायचे. न्हावी केस कापीत नसे, म्हणून मोठी बहीणच भावांचे केस कापी. सुभेदाराचे घर होते, पैशाची अगदीच चणचण नव्हती. पण पैशाने नळ उघडत नव्हता.

२५/ याच पुस्तकात १९०१ चा तो प्रवास आहे. रामजी तेव्हा दुष्काळी कामावर खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. सुटीत मुलांना त्यांनी बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीचे मुलगे नवे कपडे लेवून, चकचकीत टोप्या घालून मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. त्यांचा पोशाख आणि बोलणे पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची मुले वाटली. भीमरावांनी जात सांगताच ते चकित होऊन मागे सरले.

२६/ या प्रसंगाकडे अस्पृश्यतेचा दाखला म्हणून नेहमी पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण लष्करी घरांच्या इतिहासासाठी त्यात आणखी एक नोंद आहे. स्वच्छ कपडे, नीटनेटके बोलणे, अनोळखी अधिकाऱ्यासमोर न बिचकता उत्तर देणे: हे सारे सुभेदाराच्या घरचे वळण. पलटणीने त्या मुलांना असे घडविले होते की जात डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. ती कळली ती केवळ विचारल्यावर, आणि कळताच सगळे वळण निरुपयोगी ठरले.

२७/ पुढचा प्रवास त्याहून कठीण झाला. दुप्पट भाडे आणि मुलांनीच बैल हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. गाडीवान बाजूने चालत होता. सोबत जेवण होते, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर भीमरावांनी मुसलमान असल्याचे भासवून, उर्दूत बोलून पाणी मागून पाहिले. मिळाले नाही. मुले उपाशी झोपली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या रात्री कळले की सरकारी नोकराचा मुलगा असणे आणि माणूस म्हणून वागविले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२८/ भरतीचे काय झाले? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच ‘लढवय्या जाती’चा सिद्धान्त सैल झाला. १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या आरंभीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. भरती बंद झाल्यापासून तोवर जवळपास अर्धे शतक लोटले होते.

२९/ या दोन युद्धांच्या मध्ये एक तारीख आहे. १९ मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी सुरुवातीलाच या टापूचा, दापोलीच्या आपल्या बालपणाचा आणि पेन्शनरांच्या वस्तीचा उल्लेख केला. एके काळी लष्करी नोकरीमुळे इथला अस्पृश्य समाज शिक्षणात आणि स्वाभिमानात पुढे होता. भरती बंद झाली आणि तो मागे पडला, असा त्यांचा रोख होता.

३०/ महाडच का, या प्रश्नाला म्हणूनच अनेक उत्तरे आहेत. नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव हे एक. स्थानिक कार्यकर्त्यांची मेहनत हे दुसरे. आणि तिसरे: हा मुलूख वलंगकरांचा होता. येथल्या घरांघरांत जुने गणवेश, पेन्शनीचे कागद आणि ‘आम्ही पलटणीत होतो तेव्हा’ अशा गोष्टी होत्या. पाणी सर्वांचे असते हे या लोकांना कोणी नव्याने पटवून द्यायचे नव्हते. एकेकाळी निराळे जगणे शक्य असते, हे त्यांच्या वाडवडिलांनी अनुभवले होते.

३१/ त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसरी गोष्टही सांगितली: मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, गावकीची हलकी कामे सोडा, शेतीकडे वळा, मुलांना शिकवा. नुसते जुने दिवस परत मागणे पुरेसे नव्हते. सरकारच्या मर्जीने उघडलेले दार सरकारच्या मर्जीने बंद होते, हा १८९२ चा धडा होता. अर्जांच्या पिढीने सेवेच्या बदल्यात हक्क मागितले. महाडच्या पिढीने माणूस म्हणून ते बजावले.

३२/ इतिहासलेखनाच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा. लष्करी दप्तरात शिपायाचे नाव, हुद्दा, पगार आणि मृत्यू यांची नोंद असते. लायनीत खेळणाऱ्या मुलांची नोंद फारशी नसते. त्यांचा शोध घ्यायचा तर आडवाटांनी जावे लागते: शाळेची नोंदवही, व्हरांड्याविषयीचा अर्ज, पेन्शनरांची पुस्तिका, एखादे आत्मकथन. कोकणात, साताऱ्यात, पुण्यात अशी कागदपत्रे आजही काही घरांच्या पेटाऱ्यांत असतील. आजोबांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट वा पेन्शनबुक घरात असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावर कोणाचे तरी बालपण लिहिलेले आहे.